अभिनंदन, आपली निवड झाली आहे

आमच्या घरी टेलिफोन आला तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यासाठी अर्ज केला त्याला इतकी वर्षं लोटली होती की आई ते साफ विसरून गेली होती. लाइनमन शिडी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा तिनं त्याला सांगितलं, "आमचे लाइट चालू हायेत," आणि दार लावून घेतलं. तो बिचारा गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबला. दादा भाजी घेऊन येत होते, त्यांनीच त्याला परत आणला.

आम्ही परभणीत, स्टेशनच्या बाजूच्या एका वसाहतीत राहत होतो. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. मूळ गाव ताडकळसच्या बाजाराला जाणारं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, तेव्हा आमच्या गावात कुणाच्या घराला काही झालं नाही. पण आजूबाजूनं ज्या बातम्या येत होत्या त्या ऐकून आईनं एका सकाळी भांडी पोत्यात भरायला घेतली. दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यांनी बदली मागून घेतली. मी तेव्हा अगदी लहान होते. मला फक्त बैलगाडीत पोत्यावर बसल्याचं आठवतं. भांडी पाठीला टोचत होती.

परभणीतच दादा मुख्याध्यापक झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. फोन आला तो निवृत्तीनंतर. करड्या रंगाचा, गोल डायलचा. आईनं त्यावर घालायला दोऱ्याचं जाळीदार झाकण विणलं आणि पडवीतून आत आलं की समोरच दिसेल अशा स्टुलावर तो ठेवला. बाहेरगावी लावायची, एस.टी.डी.ची सोय आम्ही घेतली नव्हती. बाहेरून मात्र कुठूनही फोन येऊ शकायचा. पंधरा दिवसांत गल्लीतल्या सगळ्यांनी आमचा नंबर आपापल्या नातेवाइकांना देऊन टाकला आणि पुढं 'पी.पी.', म्हणजे शेजारच्यांचा फोन, असं लिहिलं.

त्या काळी आमच्या ओळखीत सहज म्हणून फोन कुणी करत नसे. फोन आला म्हणजे कुणी दवाखान्यात आहे किंवा कुणी गेलं. घंटा वाजली की आई हातातलं काम टाकून धावायची, पदराला हात पुसायची, रिसीव्हर कानाला लावायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "कोण गेलं?"

माझा मोठा भाऊ औरंगाबादला विद्यापीठात एम.ए. करत होता. तो दर रविवारी सकाळी बूथवरून फोन करायचा. त्याला हा प्रश्न इतका सवयीचा झाला होता की तो म्हणायचा, "कुणी न्हाई, आई. सगळे हायेत."

एका कंपनीच्या सवलत कार्डाचा पहिला फोन आला तो पावसाळा संपता संपता, सकाळी अकराच्या सुमारास. आईनं नेहमीप्रमाणे विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं कुणास ठाऊक, तिनं गोंधळून रिसीव्हर दादांकडं दिला. "कुणी पोरगी हाय. अभिनंदन म्हणायलीय."

दादा स्टुलाशेजारच्या खुर्चीत बसले. त्यांची एक सवय होती. समोरचा माणूस बोलत असला की त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत ते थांबत. तरुणपणी कचेऱ्यांतून त्यांनी पुष्कळ खेटे घातले होते, आणि त्यांचं बोलणं अर्ध्यावर असतानाच टेबलापलीकडच्या माणसानं तोंड फिरवावं, हे त्यांनी पुष्कळदा सोसलं होतं. त्याबद्दल ते कधी फारसं बोलले नाहीत. पण स्वतः मात्र कुणाचं बोलणं त्यांनी तोडलं नाही. भंगारवाला असो की शिक्षणाधिकारी.

त्यामुळं त्या मुलीला जे लिहून दिलं होतं ते सगळंच्या सगळं त्यांनी ऐकलं. फोनमधून आवाज चांगला मोठा यायचा, आम्हालाही ऐकू येत होतं. "नमस्कार. अभिनंदन. आपल्या शहरातील निवडक कुटुंबांमधून आपल्या कुटुंबाची निवड झालेली आहे. सभासद झाल्यास आपणांस कपडे, भांडी, पादत्राणे व किराणा यांच्या खरेदीवर वर्षभर सवलतीची सूट मिळेल."

तिचं झाल्यावर दादांनी विचारलं, "निवड कुणी केली?"

"कंपनीनं."

"कशावरून?"

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "ते काय मला म्हाईत न्हाई. डिरेक्टरीत तुमचं नाव हाय."

दादांना ते उत्तर आवडलं असावं. ते म्हणाले, "बरं. एक गोष्ट सांगू का? सवलतीची सूट म्हणू नये. सवलत म्हणजेच सूट. दोन्हींतलं एकच ठेवावं."

"थांबा, लिहून घेते," ती म्हणाली. आणि मग, "तुमी शिक्षक हायेत का, सर?"

शेवटी तिनं विचारलं, सभासद होणार का? दादा म्हणाले, "विचार करतो." नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. विचार करतो म्हटलं की माणसाचा मान राहतो, असं त्यांचं मत होतं.

एक दिवस सोडून पुन्हा फोन आला. तीच वेळ, तोच आवाज, फक्त या वेळी ती 'खरेदीवर वर्षभर सवलत मिळेल' असं म्हणाली. दादा खूश झाले. पुन्हा म्हणाले, "विचार करतो." आणि मग तो फोन एक दिवसाआड यायला लागला.

आम्ही तिघांनी तीन तऱ्हा करून पाहिल्या. मी फटकळ होते. एकदा मी आवाज बदलून सांगितलं, "ते घर विकून गेले. आमी भाडेकरू आहोत."

"मग तुमीच व्हा की सभासद," ती म्हणाली. मला हसू आलं आणि मी फोन ठेवला.

आईचं वेगळंच. आधी ती चिडायची, कारण घंटेसरशी तिचं काळीज हलायचं आणि मग कळायचं की कुणीच गेलेलं नाही. पण चिडून चिडून कंटाळल्यावर ती त्या मुलीची चौकशी करायला लागली.

"कुठली गं तू?"

"पिंगळीची, मावशी."

"मग रोज येणं-जाणं कसं करतीस?"

"रेल्वेनं. सकाळच्या पॅसेंजरनं येते, संध्याकाळच्या गाडीनं जाते."

"जेवलीस का?"

"डबा हाय. आता फी सांगू का, मावशी?"

"सांग की."

ती फी सांगायची. आई शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "राहू दे मग." आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

कुणाची, कोणत्या घरातली, हे आईनं विचारलं नाही, याचं मला नवल वाटायचं, कारण एरवी ती दोन वाक्यांत माणसाचं आडनाव काढून घ्यायची. नंतर कळलं, दादांनी तिला तसं बजावलं होतं. त्या मुलीला आमचं आडनाव डिरेक्टरीतून कळलेलंच होतं. पण आमचं आडनाव असं होतं की ते आमच्या जिल्ह्यात चार जातींत सापडतं. त्यामुळं तिला आमच्याबद्दल नक्की काय वाटत होतं ते आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि तिच्याबद्दल आम्हालाही काही ठाऊक नव्हतं.

मग तो जानेवारी आला. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाल्याची बातमी दादांनी रेडिओवर सकाळी ऐकली आणि संध्याकाळी पुन्हा ऐकली, तीच बातमी, तितक्याच लक्षपूर्वक. मग त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि कुठंही न जाता पडवीत बसून राहिले. आईनं गव्हाची खीर केली. गल्लीतल्या बायका येऊन गेल्या. सोळा वर्षं ज्या गोष्टीची वाट पाहिली ती झाल्यावर नक्की काय करायचं असतं ते आम्हाला कुणालाच नीट कळत नव्हतं.

आणि दुसरीकडून धाकधूक सुरू झाली. नामांतराविरोधात बंद पुकारला गेला. दुकानांची शटरं खाली आली, एस.टी. गाड्या डेपोत उभ्या राहिल्या. स्टेशनच्या रस्त्यावर पोलीस बसलेले दिसायचे. कुठं काय झालं याबद्दल गल्लीत एकाच्या तोंडी एक आणि दुसऱ्याच्या तोंडी दुसरं. त्यातलं खरं किती ते कळायला मार्ग नव्हता. भावाचा रविवारचा फोन आला नाही. सोमवारीही आला नाही. आईनं खिरीचं पातेलं तसंच झाकून ठेवलं होतं, ते शेवटी मी घासलं.

मंगळवारी सकाळी दादांनी एक्स्चेंजला फोन करून औरंगाबादचा ट्रंक कॉल नोंदवला. ऑपरेटर म्हणाला, लाइनींवर फार ताण आहे, थांबावं लागेल. आम्ही फोनभोवती बसून राहिलो. भाकरी थापायलाही आई उठली नाही.

अकराला घंटा वाजली. आईनं झडप घातली. या वेळी तिनं कोण गेलं असं विचारलं नाही. पलीकडून आवाज आला, "नमस्कार. अभिनंदन. आपल्या शहरातील..."

आईनं रिसीव्हर दादांच्या हातात कोंबला. दादांनी तिचं एक वाक्य पुरं होऊ दिलं. मग म्हणाले, "बेटा, आज फोन ठेव."

मी त्यांना असं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. त्यांचं त्यांनाच ते बरं वाटलं नसावं, कारण लगेच त्यांनी कारण सांगितलं. "माझा मुलगा औरंगाबादला असतो. विद्यापीठात. त्याचा दोन दिवस फोन नाही. ही लाइन मोकळी ठेवायची आहे."

"ठेवते, सर," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

आई दादांकडं बघायला लागली. एका परक्या मुलीला हे कशाला सांगितलं, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. दादांनी मान खाली घातली.

पाच-सात मिनिटं गेली असतील. पुन्हा घंटा.

"सर, मीच हाय. रागावू नका. आमच्या ऑफिसात एस.टी.डी. हाय. साहेब दुपारपर्यंत येणार न्हाईत. हॉस्टेलचा नंबर द्या, मी लावून बघते."

दादांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि आमच्याकडं पाहिलं. आई कुजबुजली, "देऊ नका. कोण हाय, कुठली हाय, काय ठाऊक. पोराचं नाव, खोली, सगळं सांगायचं?"

माझंही मत आईसारखंच होतं. आज ते लिहिताना मला कसंतरी होतं, पण त्या आठवड्यात आम्ही कुणावरच विश्वास ठेवत नव्हतो. समोरच्या काकूंशीसुद्धा बेतानंच बोलत होतो, आणि त्या आमच्याशी.

दादांनी आईचं ऐकून घेतलं. मग त्यांनी हात काढला आणि एकेक आकडा सुटा सुटा करून नंबर सांगितला. भावाचं पूर्ण नाव सांगितलं. खोली क्रमांक सांगितला. "परत वाच," ते म्हणाले. तिनं वाचलं. "बरोबर," ते म्हणाले.

त्या दिवशी बंद असून ती ऑफिसात कशी, हे मला नंतर कळलं. बस बंद होत्या पण रेल्वेगाड्या चालू होत्या, आणि तिच्या साहेबांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की बंद आहे म्हणजे लोक घरीच बसलेले असणार, फोन करायला याच्याइतका चांगला दिवस नाही.

पाऊण तासानं तिचा फोन आला. "लागंना, सर. सारखं एंगेज यायलंय. मी करायलेच."

मग पुन्हा. "लागला, पण कुणी उचलंना."

मग पुन्हा. "उचलला. शिपाई होता. म्हणला पोरं मेसला गेलीत, अर्ध्या तासानं करा. मी त्याला विचारलं, खोलीत राहतात का सगळे? म्हणला, राहतात. म्हणजे ठीक असंल ना, सर?"

"असेल," दादा म्हणाले.

अडीच वाजले. फोन वाजला तेव्हा आईनं आम्हा दोघांनाही हात लावू दिला नाही.

"मावशी, बोलले मी. ठीक हाय तो. सोता बोलला माझ्याशी."

"तूच ऐकलास त्याचा आवाज? दुसरं कुणी तर न्हवतं? पोरं एकमेकांच्या नावानं बोलतात."

"तोच होता, मावशी."

"कशावरून?"

त्या मुलीनं थोडा विचार केला असावा. "तुमच्यासाठी निरोप दिलाय. म्हणला, आईला सांगा, स्वेटर घातलाय."

आई खाली जमिनीवरच बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं भावासाठी एक तपकिरी स्वेटर विणला होता. लोकर स्वस्तातली होती, ती इतकी टोचायची की त्यानं तो एकदाही अंगात घातलेला नव्हता. पण दर हिवाळ्यात तो तो बॅगेत भरून न्यायचा आणि दर फोनला सांगायचा की घातलाय. ही थाप आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं.

"तोच हाय," आई म्हणाली. मग रिसीव्हर कानाला तसाच धरून तिनं विचारलं, "तू जेवलीस का गं?"

"आता जेवते, मावशी."

ट्रंक कॉल लागला तो संध्याकाळी, आणि तेव्हा पलीकडं कुणी उचललंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीनं आपण होऊन पुन्हा औरंगाबादला फोन लावला आणि ख्यालीखुशाली कळवली. तिसऱ्या दिवशी भावाला एक उघडा बूथ सापडला.

सगळं निवल्यावर दादा एका सकाळी म्हणाले, "आपण सभासद होऊ." आईनं हरकत घेतली नाही. तिनं धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी केली, डब्यात भरली आणि तो डबा माझ्या हातात देऊन मला दादांबरोबर पाठवलं.

ऑफिस स्टेशनसमोर कापडाच्या दुकानावर होतं. अरुंद जिना, वर एक खोली, दोन टेबलं. एका टेबलाशी सफारी घातलेले साहेब बसले होते. दुसऱ्या टेबलाशी ती. आम्ही आत गेलो तेव्हा ती फोनवर बोलत होती, आणि दादांनी दुरुस्त केलेलं ते वाक्य तिच्या तोंडून ऐकल्यावर मी दादांकडं पाहिलं. ते भिंतीकडं बघत होते, पण त्यांना आनंद झाला होता.

ती माझ्याच वयाची होती. पंजाबी ड्रेसवर कुणातरी पुरुषाचा मोठा स्वेटर घातलेला, बाह्या दुमडलेल्या. दादा साहेबांशी बोलायला लागले तसा तिनं आवाज ओळखला आणि उभी राहिली. साहेब तिला नावानं हाक मारत होते, त्यामुळं तिचं नाव मला कळलं. ते इथं लिहीत नाही.

"मला सभासद व्हायचं आहे," दादा म्हणाले.

साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि आतल्या कपाटातून कार्ड काढायला गेले. तेवढ्यात तिनं दुकानांची छापील यादी दादांसमोर ठेवली. काही नावांपुढं पेन्सिलीनं बारीक टिंबं दिली होती.

"आधी यादी बघून घ्या, सर," ती मोठ्यानं म्हणाली, आणि मग खालच्या आवाजात, "टिंब हाय तीच दुकानं खरी. बाकीच्यांनी अजून हो म्हटलेलं न्हाई."

दादांनी चष्मा लावला. यादी दोन पानांची होती. टिंबं चारच होती, आणि त्यातलं एक बांगड्यांचं दुकान होतं. दादांनी दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचली. साहेब कार्ड घेऊन आले तेव्हा त्यांनी यादीची घडी केली आणि म्हणाले, "मी विचार करतो."

साहेबांचं तोंड उतरलं. तिनं मात्र काही घडलंच नाही अशा थाटात रजिस्टर उघडून आमच्या नावापुढं एक खूण केली. मी डबा तिच्या टेबलावर ठेवला. औरंगाबादच्या फोनचा खर्च द्यायचा विषय दादांनी काढायला तोंड उघडलं, तेव्हा तिनं डोळ्यांनीच नको म्हटलं.

रिकामा डबा द्यायच्या निमित्तानं ती आमच्यामागून जिना उतरून आली. धपाटे तिनं कागदात काढून घेतले होते.

"सर, एक सांगू का? आमच्या रजिस्टरात तीन रकाने असत्यात. हो, नको आणि विचार करतो. नको म्हणलेल्यांना परत फोन करायचा नसतो. विचार करतो म्हणलेल्यांना एक दिवसाआड करावाच लागतो. तुमी आजपर्यंत दरवेळी विचार करतोच म्हणालात."

दादा जिन्यात थांबले. "म्हणजे मी नको म्हटलं की तुझा फोन बंद?"

"हो."

"मग राहू दे तसंच," दादा म्हणाले.

त्यानंतरचे फोन वेगळे होते. ती बारावी झाली होती आणि कुठल्यातरी कारकुनाच्या परीक्षेला बसणार होती. साहेब खोलीत असले की ती आधी 'नमस्कार, अभिनंदन' म्हणायची आणि मग हळूच, "सर, तत्पुरुष आणि कर्मधारय यांत घोळ व्हायलाय." दादा तिला दोन मिनिटांत समास समजावून सांगायचे. ती पलीकडून "हो सर, कळलं. मग विचार करून सांगा," असं म्हणून फोन ठेवायची. आई म्हणायची, "झाली का शाळा?" दादा आदल्या दिवशी रात्रीच जेवताना उदाहरणं ठरवून ठेवायचे, हे मी पाहिलं आहे.

समोरच्या काकूंनी मात्र मध्येच ते कार्ड घेतलं होतं. त्या ते घेऊन भांड्यांच्या दुकानात गेल्या तेव्हा दुकानदारानं कार्ड उलटंसुलटं करून परत दिलं आणि म्हणाला, आमचा याच्याशी काही संबंध नाही. तसे बरेच जण निघाले.

चैत्राच्या सुमारास एका दुपारी तिचा फोन आला. या वेळी तिनं नमस्कारही म्हटला नाही.

"सर, ऑफिस बंद व्हायलंय. साहेब चार दिवस आले न्हाईत. लोक कार्डं घेऊन जिन्यात उभे राहतात."

"तू एकटीच आहेस तिथं?"

"हो."

"मग काय सांगतेस त्यांना?"

"खरं ते सांगते. कोणती दुकानं खरी ते टिंबं करून देते. काही जण लय बोलतात. एक आजी मात्र पाणी पिऊन गेल्या." थोडं थांबून ती म्हणाली, "आणखी एक. आमची फोन नंबरांची यादी साहेब नांदेडच्या कुणाला तरी द्यायलेत. त्यातनं तुमचं नाव मी खोडलंय. शाईनं."

दादा म्हणाले, "उद्यापासून तिथं जाऊ नकोस. किल्ली खाली दुकानात दे आणि घरी अभ्यास कर."

"हो सर."

"परीक्षेचं काय झालं ते कळव."

"कळवते," ती म्हणाली. पिंगळीला तिच्या घरी फोन नव्हता. तिनं कळवलं नाही, किंवा तिला जमलं नसेल. पुढं काही दिवस अकरा वाजता दादा खुर्ची फोनजवळ ओढून पेपर वाचत बसायचे.

मे महिन्यात परीक्षा संपवून भाऊ घरी आला. जेवताना जानेवारीचा विषय निघाला. आम्ही त्याला सगळं सांगितलं, ऑफिस, यादी, समास, सगळं. तो ऐकत होता आणि मधेच त्यानं घास खाली ठेवला.

"ती सवलत कार्डवाली होती?" तो म्हणाला. "मला शिपायानं सांगितलं, तुझी बहीण फोनवर हाय."

तेव्हा आम्हाला कळलं. त्या आठवड्यात वसतिगृहात कुणाचेही फोन यायचे, म्हणून घरचं माणूस असेल तरच मुलांना बोलवायचं असा तिथं नियम केला होता. शिपायानं विचारलं, कोण बोलताय? आणि तिनं सांगितलं, मी त्याची बहीण.

"मी धावत गेलो," भाऊ म्हणाला. "आवाज ऐकला आणि कळलं की ही तू न्हाईस. मला वाटलं, गल्लीतली कुणी असंल, आईनं फोन करायला लावला असंल. मी विचारलं, कोण? तर म्हणली, दादा, मी घरून बोलायलेय, बरा हायेस का तेवढं सांग, आई जेवली न्हाई."

आई उठून आत गेली.

भावानं दुसऱ्याच दिवशी पिंगळीला जाऊन तिला शोधायचं ठरवलं. गाव काही फार मोठं नाही, नाव माहीत आहे, स्टेशनवर विचारलं तरी सापडेल, असं तो म्हणत होता. दादांनी त्याला नको म्हटलं. परका मुलगा एका मुलीची चौकशी करत गावात फिरला तर लोक आधी तिलाच विचारतील, आणि मग त्याचं आडनाव विचारतील, आणि तिनं काय म्हणून सांगायचं? भावाला ते पटलं नाही, पण तो गेला नाही.

जुलैत तो औरंगाबादला परत निघाला, तेव्हा मी आणि दादा त्याला सोडायला स्टेशनवर गेलो होतो. समोरच्या फलाटावर पिंगळीवरून पूर्णेकडं जाणारी पॅसेंजर उभी होती. तिच्या खिडक्यांशी बसलेल्या बायकांकडं आम्ही तिघंही बघत होतो. मग ती गाडी सुटली.